बिनभट्टीचे सात नग

हिंगोली
८ फेब्रुवारी १९७१

मालाला सोड्याचा वास येतो, रंग विटलेला असतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं, हे सगळं तू कार्डावर लिहितीस व्हय? काल टपालवाला दारात उभा राहून मलाच इचारतो, "सोजराबाई, तुमच्या मालाचा वास येतो म्हणे." चार बाया नळावर होत्या, त्यास्नीबी ऐकू गेलं. पुढं असं काही लिहायचं असलं तर बंद पाकिटात लिही. चिकटवायला भात घे, थुकी नको.

मिरे, आशीर्वाद. संतरामला आणि तुझ्या सासूला नमस्कार सांग. ग्यानूचा पापा घे.

आता ऐक. तीस वर्सं झाली, मी डोक्यावर जर्मलची भगुणी घेऊन दारोदार फिरून राहिले. भगुणं द्यायचं, जुनं कापड घ्यायचं. त्या कापडात आदी कोण निजलं होतं, त्याला खरूज होती का नायटा, ते जितं हाये का गेलं, हे देणारी बाई कवाच सांगत न्हाई. म्हणून भट्टी. हंड्यात सोडा टाकून खळखळा उकळायचं, काठीनं ढवळायचं, उन्हात कडक वाळवायचं, मगच दुसऱ्याच्या अंगाला लावायचं. रंग गेला तर जाऊ दे. सडकेवर खडी फोडणारी बाई रंग बघून घेत न्हाई, अंग झाकतंय का बघून घेती.

तुझी सासू जुनेर म्हणून नाक वर करती. तिला सांग, बाळापूरच्या बाजारात शंभर बाया येतात, त्यातल्या नव्वद बायांनी नवं लुगडं लग्नात पाह्यलं, तवापास्नं आपल्याकडचं जुनंच नेसतात. आपल्याकडं काही वाया जात न्हाई. धडकं असलं ते अंगावर जातं. फाटलं ते वाकळीत जातं. त्याच्याबी चिंध्या झाल्या तर कापसाच्या जिनातले लोक इंजिन पुसायला नेतात. तेल पिऊन काळी झालेली चिंधी मी परत आणते, तिच्यावर चूल पेटते, आणि त्या राखेनं मी भगुणी घासते. कोणत्या शेटजीचा धंदा एवढा पुरवून खातो ते मला सांग.

कंडक्टरजवळ गाठोडं दिलंय, त्यात सात नग हायेत. एक हिरवं लुगडं, एक जांभळं लुगडं, दोन धोतरं, एक लेकराचा सदरा, एक पलंगपोस आणि लाल काठाची लोकरीची धाबळी. सराफ्यामागच्या बोळात मोठं घर हाये, तिथल्या बाईनं एका भगुण्यावर सगळं देऊन टाकलं. एक शब्द वाढवला न्हाई. माल नव्यावाणी हाये.

पण माझं मनगट पोळलंय, हंडा उचलत न्हाई. म्हणून ह्या खेपेला भट्टी लावली न्हाई. तू लाव. दोन उकळ्या दे. पाणी कमी असलं तर अंघोळ करू नको, पण भट्टी चुकवू नको.

सोजराबाई


आखाडा बाळापूर
२० फेब्रुवारी १९७१

तीर्थरूप आजीस मिराचा शिरसाष्टांग नमस्कार. कार्डाचं चुकलं. आता पाकीट घेतलं आहे, भातानंच चिकटवते.

गाठोडं मिळालं. तू सांगितल्याप्रमाणे भट्टी लावली, दोन उकळ्या दिल्या. आजी, असा माल मी आजवर विकला नव्हता. दुपारपर्यंत सहाही नग गेले. जांभळ्या लुगड्यावरून तर दोघी भांडल्या. हिरवं लुगडं चांगुणाबाईनं घेतलं, ती खडीवर कामाला असते. तिच्या लेकीला सातवा महिना आहे, ओटी भरायला हिरवं पाहिजेच होतं. उन्हात धरलं तर पोपटासारखं चमकत होतं. चांगुणाबाई म्हणाली, नवंच आहे, तू चोरून तर आणलं नाहीस ना? मी म्हटलं, आमची आजी चोराकडूनसुद्धा भगुणं दिल्याशिवाय घेणार नाही. सगळ्या हसल्या.

सासूबाई पहिल्यांदाच माझ्या धंद्याबद्दल बरं बोलल्या. म्हणाल्या, असा माल येत असेल तर कर बाई.

ग्यानू आता धरून उभा राहतो. दोन दात आले. इकडे पहाटे अजून थंडी पडते, पण तो मजेत निजतो.

त्या बोळातल्या बाईकडे पुन्हा जा. तिच्याकडे अजून काही असेल.

तुझी
मिरा


हिंगोली
१ मार्च १९७१

मिरे, हे पत्र वाचून हातातलं काम टाक आणि लगेच उत्तर लिही.

परवा उत्तमराव माझ्या दारात आले. उत्तमराव म्हंजे टोचणारे, दवाखान्याकडनं देवीची लस टोचत फिरतात. त्यांनी इचारलं, "सराफ्यामागच्या बोळातून कापडं तुम्ही नेली का?" म्या म्हणलं, नेली, भगुणं देऊन नेली. त्यावर ते खालीच बसले.

त्या घरचा पोरगा जानेवारीत देवी येऊन मेला. घरच्यांनी कुणाला कळू दिलं न्हाई. दार लावून कडुलिंबाचा पाला टांगला, आणि पोरगं गेल्यावर त्याचं अंथरूण, पांघरूण, सेवा करणाऱ्या बायांची लुगडी, सगळं मला दिलं. आता शेजारच्या घरी दोन लेकरं पडली, तवा कुठं बोलले.

मला राग त्या बाईचा आला, पण तिच्या दारात शिव्या द्यायला जायच्या आदी माझीच जीभ अडली. तीस वर्सांत घासाघीस न करता मला कुणी चिंधी दिली न्हाई. सुपारीएवढं भोक दाखवून बाया भगुण्याचं झाकण मागतात. आणि हिनं सात नग गपचूप दिले. मला तितंच कळायला पायजे होतं. मला वाटलं, आज नशीब उघडलं.

माझं घर त्यांनी तपासलं. दारात माणूस बसवलाय, पंचवीस तारखेपर्यंत भाईर पडायचं न्हाई म्हणतो. म्या सांगितलं, बाबा माझं तोंड बघ, लहानपणीच देवीनं चाळणी केलीय, मला पुन्हा होत न्हाई. तो म्हणतो, तुम्हाला होत न्हाई पण तुमच्या घरच्या चिंधीत असंल. बराबर बोलला. म्हणून घरातच बसले.

तू भट्टी लावली म्हणून माझ्या जिवाला थोडा आधार हाये. उत्तमराव म्हणतात चांगलं उकळलं असंल तर भीती न्हाई. तरी त्यास्नी नावं पायजेत. कोणता नग कुणी घेतला, कोणत्या गावचं माणूस, सगळं लिही. लवकर टोचलं तर आजार टळतो, उशीर झाला तर टळत न्हाई, असं ते म्हणतात.

आणि ग्यानूला टोचलंय का, तेबी लिही.

सोजराबाई


आखाडा बाळापूर
५ मार्च १९७१

तीर्थरूप आजीस मिराचा नमस्कार.

तू उगीच घाबरली आहेस. भट्टी लावली होती, मागच्या पत्रात लिहिलंच आहे. मग नावं कशाला? मतदानाच्या गडबडीत सगळं गाव चावडीजवळ गोळा आहे. अशात मी कुणाला जाऊन सांगू की तुम्ही नेसलात ते देवीचं कापड आहे? उद्या आपल्या दुकानासमोर थुंकून जातील. सासूबाई म्हणतात, ज्याच्या घरी आई येते ती तिच्या मर्जीनं येते, कापडावर बसून येत नाही.

आणि बाजारात कोण आलं, कोण गेलं, मला आठवत नाही. चांगुणाबाई आठवते, कारण ती ओळखीची.

ग्यानूला टोचलेलं नाही. दिवाळीत टोचणारे आले होते तेव्हा सासूबाईंनी त्याला कणगीआड लपवलं होतं, हात पिकतो आणि लेकरू रडतं म्हणून. परवापासून त्याचं अंग तापलं आहे. दात येताहेत, वरचे. दूध घेत नाही, पाठ धरून रडतो. दातांनी असं होतंच.

तू मनगटाला काय लावतेस? हळद लाव.

मिरा


हिंगोली
९ मार्च १९७१

माझं मनगट राहू दे.

तू भट्टी लावली न्हाईस. मला खोटं सांगू नको, मी ह्या कापडात म्हातारी झाले. ते हिरवं लुगडं कच्च्या रंगाचं होतं, म्या काठ थुकीनं चोळून पाह्यला होता, बोट हिरवं झालं होतं. त्याला एक उकळी दिली असती तर ते शेवाळावाणी फिकट झालं असतं, आणि सोबतची दोन्ही धोतरं हिरवी निघाली असती. आणि तू लिहितीस पोपटावाणी चमकत होतं. वीस तारखेचं तुझं पत्र वाचलं तवाच मला दिसायला पायजे होतं. माल खपला म्हणून मी खूश होते. खूश माणूस आंधळं असतं.

दुसरं. तू लिहिलंस सहाही नग गेले. म्या सात धाडले होते. सात मोजून, गाठीवर गाठ मारून धाडले. सातवा कुठं हाये?

तू उत्तर द्यायच्या आदी मीच सांगते. लाल काठाची धाबळी तू विकली न्हाईस. पहाटे थंडी पडती, पोरगं मजेत निजतं, हे तूच लिहिलंस.

मिरे, दात येताना लेकरू पाठ धरून रडत न्हाई. पाठ देवीत दुखती. मला सहा वर्सांची असल्यापास्नं ठाऊक हाये.

तुझ्या परवानगीची वाट न बघता म्या उत्तमरावला तुझं नाव, संतरामचं नाव, घर कुठं हाये, आणि चांगुणाबाई खडीवर असती, एवढं सांगून टाकलंय. त्यांनी तिकडच्या टोचणाऱ्याला निरोप धाडलाय. तुझा बाजार बसला तर बसू दे, मला शिव्या दे. माणूस दारात आला तर सासूला आडवी येऊ देऊ नको. लेकरू त्याला दाखव. कणगी नको, पाला नको, दार लावू नको.

आणि धाबळी लगेच काढ त्याच्या अंगावरनं.

सोजराबाई


आखाडा बाळापूर
२० मार्च १९७१

आजी,

ग्यानू मंगळवारी, सोळा तारखेला, दिवस मावळायच्या आधी गेला.

तुझं पत्र बारा तारखेला आलं. तोवर त्याच्या तोंडावर, हातापायावर दाणे भरले होते. डोळे चिकटले होते. टोचणारा माणूस अकरालाच येऊन गेला होता. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, आमच्या घरी कुणी आजारी नाही, लेकरू मामाच्या गावी गेलं. मी आत त्याला मांडीवर घेऊन बसले होते. तो रडला असता तर त्या माणसाला ऐकू गेलं असतं. मी त्याच्या तोंडावर पदर धरला. हे मी तुला लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

भट्टी लावली नव्हती. विहिरीला पाणी नव्हतं हे खरं, पण ते कारण नाही. माल इतका चांगला होता. मला वाटलं उकळला की आपल्या नेहमीच्या मालासारखा होईल, धुरकट. एकदा तरी असं दुकान मांडावं की बायांनी हात लावून बघावं आणि सासूबाईंनी बघावं. एकेक नग साध्या पाण्यात नुसता बुडवून काढला, वाळवला आणि मांडला. धाबळी तेवढी धुतली नाही, लोकर आटते म्हणून. ती मऊ होती. ग्यानूला तिच्यात गुंडाळलं की तो तोंड खुपसून निजायचा.

त्याच धाबळीत गुंडाळून पुरला. संतरामनं पुरला. आता ते नुसते ओट्यावर बसून असतात.

चांगुणाबाईच्या लेकीला ताप आहे. काल तिच्या घरी पाला टांगलेला दिसला. चांगुणाबाई विहिरीवर माझ्यासमोर आली. तिला लुगड्याचं ठाऊक नाही अजून. ती म्हणाली, तुझं लेकरू गेलं, आज तुमच्या भाकरी मी धाडते.

टोचणारा काल पुन्हा आला. आम्हा तिघांना टोचलं. त्यानंही नावं विचारली, मी आठवत नाही म्हटलं. मला सगळी आठवतात आजी.

दुकानात होतं नव्हतं ते सगळं मी उकिरड्यावर नेऊन पेटवलं. हंडा मोडीत देणार आहे. हा धंदा मेलेल्याच्या अंगावरचं काढून जित्याला घालायचा, सासूबाई म्हणत होत्या ते खरं आहे.

तुझ्यावर राग नाही असं लिहायला बसले होते. पण आहे. तुझं मनगट पोळलं होतं तर गाठोडं चार दिवस तसंच ठेवायचं होतंस. तुला ती बाई गप का आहे हे दिसलं होतं, तरी तू पाठवलंस.

मिरा


हिंगोली
२४ मार्च १९७१

व्हय. पयला हात माझाच. त्या बाईचं तोंड बघून मला उमगलं होतं की काहीतरी हाये, आणि म्या गाठोडं बांधलं. दुसरा हात तुझा. तिसरा तुझ्या सासूचा. वाटण्या करायला पुढं जलम पडलाय, तू मला जलमभर बोल, मी ऐकून घेईन. आज त्याला येळ न्हाई.

ग्यानूला म्या एकदाच पाह्यलं, बारशाला. माझं नाक धरून ओढत होता, सुटता सुटंना. आणखी काय लिहू. मला असलं दुःखाचं लिहिता येत न्हाई आणि तुला वाचून काही व्हायचं न्हाई.

संतरामला ओट्यावरनं उठव. त्याला चांगुणाबाईकडं धाड, तिला लुगड्याचं सांगायला. तू जाऊ नको, तुझ्या तोंडून ऐकलं तर ती तुला मारंल, आणि मारलं तर बराबरच हाये, पण त्यात दिवस जाईल. तिच्या लेकीला दवाखान्यात न्यायचं. पोटुशी बाई देवीतनं लई अवघड निघती. म्या उत्तमरावला हे इचारलं तवा ते पिशवी आवरायला लागले. पण घरात दुसरी माणसं हायेत, त्यास्नी टोचता येतं.

आता तुझ्या उकिरड्याचं. तू काय जाळलंस? उकळलेला माल जाळलास. ज्या लुगड्यांनी कुणाचं काही वाकडं केलं न्हाई ती जाळलीस, आणि ज्यांनी केलं ती अजून लोकांच्या घरात हायेत. तिथं कुणीतरी आजच्या रातीबी त्या पलंगपोसावर निजंल. जाळायचं ते जाळलं न्हाईस आणि नाय जाळायचं ते जाळलंस, ह्याला पश्चात्ताप म्हणत न्हाईत, ह्याला आग म्हणतात.

धंदा पाप असता तर म्या तो टाकला असता. मी काही साधुसंत न्हाई, पण खोटं खात न्हाई. तीस वर्सं उकळलेल्या कापडानं किती गावची अंगं झाकली हे तुझ्या सासूला मोजता यायचं न्हाई. बहात्तर गावचा कचरा कुठंतरी सडला असता, तो आपण अंगावर घालण्याजोगा केला. त्यातला उकळायचा भाग काढून टाकला की मग तू म्हणतीस तेच उरतं, मेल्याचं काढून जित्याला घालणं. आपल्या दोघींच्या हातून तेच झालं. म्हणून हंडा मोडीत द्यायचा न्हाई. मला तो पायजे.

मी उद्या सुटते. परवाच्या पयल्या एस.टी.नं बाळापूरला येते. मला देवी होत न्हाई, म्हणून ती कापडं माझ्याच हातानं गोळा करायची. उत्तमरावशी बोलणं झालंय, तिकडचा टोचणारा माझ्या मागं मागं येईल. मी कापड घेईन, तो घरच्यास्नी टोचंल. हिरवं लुगडं चांगुणाबाईकडं, धाबळी मातीत. धाबळी तिथंच राहू दे. उरले पाच नग. जांभळं लुगडं, दोन धोतरं, सदरा, पलंगपोस. त्यास्नी मी एक एक नवं भगुणं देईन आणि मागून घेईन. कुणी दारातनं हाकललं तर दारात बसेन. घासाघीस मला येती.

पण मला दारं ठाऊक न्हाईत. ती तुला ठाऊक हायेत. तू लिहिलंस, सगळी आठवतात. तेवढं एक वाक्य तू खरं लिहिलंस म्हणून म्या हे पत्र लिहायला घेतलं.

हे पत्र टपालात टाकत न्हाई, दारातल्या माणसाच्या हातानं बाळापूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते. कंडक्टरला सांगून धाडलंय, उत्तर घेतल्याशिवाय गाडी परत आणू नको. तो थांबेल, माझ्या लाजेखातर अर्धा तास. सदरा कुणाच्या लेकराला घेतला, ते पयलं लिही. लेकराचं घर पयलं.

सासूला इचारू नको. संतरामच्या हातानं लिहवून घेऊ नको, तोंडी निरोप धाडू नको. पाची नगांची नावं, गावं, तुझ्याच अक्षरात. उत्तर तूच लिहायचं, मिरे. दुसऱ्या कुणाचं आलं तर मी ते उघडणार न्हाई.

सोजराबाई